शाळेत नाव नाही, पण शाळेच्या संघात खेळायचंय

अमेरिकेतल्या सरकारी हायस्कुलात दुपारी तीनच्या आसपास वर्ग सुटतात, पण शाळा काही रिकामी होत नाही. मैदानावर अमेरिकन फुटबॉलचा सराव सुरू होतो, जिममध्ये बास्केटबॉल, बँडच्या खोलीत ट्रम्पेट आणि ड्रम, कुठे वादविवादाचा गट, कुठे नाटकाची तालीम, कुठे रोबॉटिक्स. आता समजा, शाळेच्या पलीकडच्याच गल्लीत पंधरा वर्षांची एक मुलगी राहते. आईवडील तिला घरीच शिकवतात, कायद्याप्रमाणे रीतसर कागदपत्रं देऊन. गणित, विज्ञान, इतिहास सगळं घरी होतं. पण रिले शर्यत घरी पळता येत नाही आणि सॉफ्टबॉलचा संघ दिवाणखान्यात जमत नाही. वर्गात न बसता, तीन वाजल्यानंतर, या मुलीला शाळेच्या संघात येता येईल का?

प्रश्न एका ओळीचा आहे, पण त्याचं उत्तर ती मुलगी कोणत्या राज्यात राहते यावर ठरतं. फ्लोरिडात असेल तर हो. न्यूयॉर्कमध्ये शाळा-शाळांमधल्या सामन्यांसाठी नाही. टेक्ससमध्ये तिच्या भागातल्या शाळा मंडळाने काय ठराव केलाय त्यावर अवलंबून. एकाच देशातल्या, एकाच वयाच्या, सारख्याच गुणी मुलींच्या नशिबात एवढा फरक का, हे समजून घेण्यासारखं आहे. तिकडे राहणाऱ्या मराठी कुटुंबांपैकी काहींनी हा मार्ग धरला आहे म्हणून तर आहेच, शिवाय शेवटी हा प्रश्न आपल्या अंगणातही येतो.

आधी एक गोष्ट स्पष्ट करायला हवी, नाहीतर पुढचा सगळा वाद उगाच वाटेल. शाळेच्या संघाचं एवढं काय? बाहेर क्लब आहेत की. आपल्याकडे मल्ल तालमीत घडतो, बॅडमिंटनपटू अकादमीत, आणि शाळा फार तर रजेचा अर्ज मंजूर करते. याला मोठा अपवाद म्हणजे मुंबईचं शालेय क्रिकेट. १९८८च्या फेब्रुवारीत आझाद मैदानावर हॅरिस शील्डच्या सामन्यात शारदाश्रमच्या सचिन तेंडुलकर आणि विनोद कांबळी यांनी ६६४ धावांची अभेद्य भागीदारी केली, आणि दोघांची नावं शाळेच्या गणवेशातच घराघरांत पोहोचली. तेंडुलकर मुळात वांद्र्याच्या शाळेतला. क्रिकेटसाठीच त्याची शाळा बदलून त्याला शारदाश्रमात घातलं गेलं, कारण गुणी पोराला चांगल्या शाळेचा संघ मिळणं किती महत्त्वाचं आहे हे आचरेकर सरांना पक्कं ठाऊक होतं. मुंबईत क्रिकेटपुरतं जे होतं, ते अमेरिकेत जवळजवळ प्रत्येक खेळात होतं. तिथे हायस्कूलच्या संघांत दरवर्षी सुमारे ८० लाख नोंदी होतात. लहान गावांत शुक्रवारी रात्री शाळेचा फुटबॉल सामना म्हणजे गावाची जत्राच असते. कॉलेजांचे प्रशिक्षक खेळाडू हेरतात ते बऱ्याचदा याच सामन्यांत, आणि त्यातून कुणाकुणाला शिष्यवृत्ती मिळते. बास्केटबॉल किंवा सॉकरमध्ये खासगी क्लबांचं जाळं मोठं आहे, पण त्यांची फी आणि दर शनिवार-रविवारचा प्रवास पुष्कळ घरांना झेपत नाही. अमेरिकन फुटबॉलला तर हायस्कूलच्या वयात शाळेबाहेर फारसा पर्यायच नाही.

आता घरी शिकणाऱ्यांबद्दल. १९९३पर्यंत पन्नासही राज्यांत घरी शिकवणं कायदेशीर झालं होतं. केंद्र सरकारच्या पाहणीनुसार १९९९मध्ये अशी सुमारे साडेआठ लाख मुलं होती, २०१२मध्ये जवळपास अठरा लाख. कोविडच्या काळात हा आकडा उसळला: जनगणना विभागाच्या पाहणीत शाळकरी मुलं असलेल्या घरांपैकी ५.४ टक्के घरांनी २०२०च्या वसंतात घरी शिकवत असल्याचं सांगितलं होतं, त्याच वर्षी शरद ऋतूत ते प्रमाण ११.१ टक्क्यांवर गेलं. पुढे ते उतरलं. कारणं घराघरांत वेगळी असतात. कुणाला धर्माप्रमाणे शिकवायचं असतं, कुणाच्या मुलाला वर्गातला गोंगाट सोसत नाही, कुणाचं मूल गणितात चार इयत्ता पुढे असतं, कुणाला शाळेत छळ झालेला असतो, कुणाचे वडील सैन्यात असल्यामुळे दर दोन वर्षांनी गाव बदलतं. या सगळ्यांना ‘शाळा नको असलेले लोक’ अशा एका गाठोड्यात बांधलं की पुढचं काही नीट दिसत नाही.

या विषयावरच्या कायद्यांना अमेरिकेत बोलीभाषेत ‘टिम टीबो कायदा’ म्हणतात. टीबो हा अमेरिकन फुटबॉलचा खेळाडू, धर्मप्रचारक दांपत्याचा मुलगा, जन्म १९८७चा, मनिलाचा. सगळी भावंडं आईकडे घरीच शिकली. फ्लोरिडाने १९९६मध्ये कायदा करून घरी शिकणाऱ्या मुलांना सरकारी शाळांच्या उपक्रमांची दारं उघडली होती. टीबो आधी जॅक्सनव्हिलच्या एका खासगी ख्रिस्ती शाळेकडून खेळला. त्याला क्वार्टरबॅक, म्हणजे चेंडू फेकून संघाची चाल चालवणारा मुख्य खेळाडू, व्हायचं होतं, तिथे ती जागा मिळेना. शेजारच्या सेंट जॉन्स काउंटीतल्या नीझ हायस्कूलमध्ये मिळणार होती. पण तेव्हाच्या कायद्याप्रमाणे जिथे राहता तिथल्याच शाळेत खेळता यायचं, म्हणून तो आणि त्याची आई त्या काउंटीत एक अपार्टमेंट घेऊन राहिले. २००५मध्ये नीझने राज्य विजेतेपद जिंकलं. २००७मध्ये फ्लोरिडा विद्यापीठाकडून खेळताना त्याला हाइझमन ट्रॉफी मिळाली, कॉलेज फुटबॉलमधला सर्वोच्च वैयक्तिक मान, आणि दुसऱ्या वर्षात असताना ती जिंकणारा तो पहिलाच. त्यानंतर दुसऱ्या राज्यांतल्या आमदारांनी असली विधेयकं आणली तेव्हा त्याचं नाव त्यांना आपोआप चिकटलं.

टीबोच्या गोष्टीत कायद्याच्या बाजूचं आणि विरोधातलं दोन्ही सापडतं. दार उघडं नसतं तर एवढा गुणी खेळाडू कदाचित कुणाच्या नजरेत आला नसता, आणि दार उघडं होतं म्हणूनच त्याला हवी ती शाळा निवडून तिथे बिऱ्हाड करता आलं. विरोधक दुसऱ्या भागावर बोट ठेवतात, आणि ते अगदीच चूक नाहीत.

हे ठरवतं कोण? पालकांना वाटतं तो राज्यघटनेचा प्रश्न आहे. तसा तो निघाला नाही. अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाने १९२५मध्येच मान्य केलं की मुलाला कुठे शिकवायचं हे ठरवण्याचा हक्क आईवडिलांना आहे. पण १९७३मध्ये त्याच न्यायालयाने असंही म्हटलं की शिक्षण हा संघराज्याच्या घटनेने दिलेला मूलभूत हक्क नाही. या दोन निकालांच्या मध्ये घरी शिकणारं मूल अडकतं: घरी शिकायचा हक्क आहे, पण शाळेचा हवा तेवढाच तुकडा घ्यायचा हक्क नाही.

ओक्लाहोमातलं गथ्री गावाचं प्रकरण याचा चांगला नमुना आहे. तिथली एक मुलगी सातवीत असताना एकदोन विषयांपुरती सरकारी शाळेत जायची, बाकीचं घरी. पुढे शाळा मंडळाने नियम केला की यायचं तर पूर्ण वेळ यायचं. कारण पैशाचं होतं: अर्धवेळ येणाऱ्या मुलामागे राज्याकडून अनुदान मिळत नव्हतं. आईवडील कोर्टात गेले. १९९८मध्ये संघराज्याच्या अपील न्यायालयाने शाळा मंडळाच्या बाजूने कौल दिला. मुलाला काय शिकवायचं हे आईवडील ठरवू शकतात, पण सरकारी शाळेतून आपल्याला हवं तेवढंच वेचून घेण्याचा अधिकार त्यातून निघत नाही, असा त्याचा मथितार्थ. वेस्ट व्हर्जिनियात एका मुलाला शाळेच्या संघातून कुस्ती खेळायची होती. खालचं न्यायालय त्याच्या बाजूने होतं, पण २००५मध्ये राज्याच्या सर्वोच्च न्यायालयाने तो निकाल फिरवला. उलट बाजूचे निकाल अगदी मोजके. मॅसॅच्युसेट्समध्ये १९९५ साली एका न्यायालयाने सॉफ्टबॉल खेळू इच्छिणाऱ्या मुलीच्या बाजूने निकाल दिला, पण तो अपवादच राहिला. एकंदरीत न्यायालयांचं म्हणणं असं की शाळेच्या संघात खेळणं ही सवलत आहे, हक्क नव्हे, आणि सवलत कुणाला द्यायची ते विधिमंडळाने ठरवावं.

म्हणून लढाई कोर्टातून विधिमंडळात गेली. तिथे आणखी एक गडी असतो: प्रत्येक राज्याची शालेय क्रीडा संघटना. टेक्ससमध्ये यूआयएल, पेनसिल्व्हेनियात पीआयएए, व्हर्जिनियात व्हीएचएसएल. कोण खेळायला पात्र, कुणी शाळा बदलली तर किती काळ बाहेर बसायचं, सामना कुठे, सगळं या संघटना ठरवतात. त्यांच्या नियमपुस्तिकेत पात्र खेळाडूची पहिली अट साधारणपणे हीच असते की तो शाळेत नियमित दाखल असला पाहिजे. एखाद्या मुख्याध्यापकाने कितीही मनावर घेतलं तरी ही अट बदलल्याशिवाय तो घरी शिकणाऱ्या मुलीला मैदानात उतरवू शकत नाही. उतरवलं तर संघाने जिंकलेला सामना रद्द होऊ शकतो. पालक मुख्याध्यापकांवर रागावतात, तेव्हा बऱ्याचदा त्यांचे हात वरूनच बांधलेले असतात.

आज निम्म्याहून जास्त राज्यांत या ना त्या स्वरूपात दार उघडं आहे. काही ठिकाणी कायद्यानेच सक्ती आहे, काही ठिकाणी स्थानिक मंडळाची मर्जी, काही ठिकाणी अट अशी की एकदोन विषय तरी शाळेत घ्या. आयोवात १९९०च्या दशकापासून दुहेरी नोंदणीची सोय आहे, अभ्यासाला आणि खेळालाही. साउथ कॅरोलिनाने २०१२मध्ये कायदा केला, ओहायोने २०१३मध्ये. न्यूयॉर्कमध्ये राज्य शिक्षण विभागाच्या नियमांप्रमाणे आंतरशालेय सामन्यात खेळणारा विद्यार्थी शाळेत दाखल असायलाच हवा. शाळेच्या आतल्या आतल्या खेळांत किंवा क्लबात घ्यायचं की नाही, ते मात्र स्थानिक मंडळावर सोडलेलं आहे.

सगळ्यात बोलका इतिहास व्हर्जिनियाचा. तिथल्या विधिमंडळाने टीबो विधेयक २०१५, २०१६ आणि २०१७ असं लागोपाठ तीन वर्षं मंजूर केलं आणि गव्हर्नर टेरी मॅकॉलिफ यांनी तिन्ही वेळा नकाराधिकार वापरला. त्यांचा मुद्दा असा: सरकारी शाळेतल्या खेळाडूला संघात राहण्यासाठी ठरावीक विषय घ्यावे लागतात, पास व्हावं लागतं, हजेरी लागते. घरी शिकणाऱ्याला याच मापाने कसं मोजणार?

हा आक्षेप मला सगळ्यात जास्त विचार करायला लावणारा वाटतो. टेक्ससचा १९८४चा ‘पास नाही तर खेळ नाही’ हा नियम अमेरिकेत गाजलेला. गणितात नापास झालेला संघाचा सर्वोत्तम खेळाडू गुण सुधारेपर्यंत बाकावर बसतो, आणि गावातले लोक शाळेवर कितीही चिडले तरी शाळा हटत नाही. हा नियम चांगलाच आहे, खेळाच्या नादात शिक्षण वाऱ्यावर सोडू नये म्हणून केलेला. आता शेजारच्या घरातल्या मुलाचे गुण त्याची आईच देत असेल, तर बाकावर बसलेल्या पोराला अन्याय वाटणारच. त्याहून वाईट म्हणजे नापास होत असलेल्या खेळाडूचं नाव शाळेतून काढून ‘आता हा घरी शिकतो’ असं सांगायचं आणि त्याला पुन्हा मैदानात आणायचं, ही पळवाट कुणालाही सुचेल.

पण ही पळवाट बुजवता येते, आणि फ्लोरिडाने ती बुजवलेली आहे. तिथल्या कायद्याप्रमाणे शाळेत असताना गुणांमुळे अपात्र ठरलेला विद्यार्थी घरी शिकू लागला, तर घरच्या अभ्यासाचं एक पूर्ण सत्र नीट पार पाडल्याशिवाय तो खेळू शकत नाही. बाकीच्यांनाही प्रगती दाखवावी लागते. त्याची पद्धत पालक आणि मुख्याध्यापकांनी मिळून ठरवायची: प्रमाणित चाचणी, किंवा पात्र शिक्षकाने केलेलं मूल्यमापन, किंवा पत्रद्वारा अभ्यासक्रमाचे गुण. खेळायला लागण्याआधी शाळेकडे नाव नोंदवायचं. वर्तनाचे आणि कौशल्याचे निकष बाकी खेळाडूंसारखेच. हे सगळं जवळजवळ तीस वर्षं चाललेलं आहे आणि फ्लोरिडाच्या शालेय खेळाचा दर्जा काही घसरलेला नाही. ‘मोजता येत नाही’ हे म्हणणं त्यामुळे मला पटत नाही. मोजायचं ठरवलं तर मोजता येतं.

पैशाचा मुद्दा दोन्ही बाजूंनी येतो आणि दोन्ही बाजू त्यात थोड्या घसरतात. पालक म्हणतात, आम्ही मालमत्ता कर भरतो, त्यातून शाळा चालते, मग आमचा वाटा कुठे? ही बाजू लंगडी आहे. मुलंबाळं नसलेले लोकही तो कर भरतात, आणि कर म्हणजे काही फी नव्हे. शाळा म्हणतात, राज्याचं अनुदान मुलांच्या डोक्यांप्रमाणे किंवा रोजच्या हजेरीप्रमाणे येतं. या मुलाचं डोकं मोजलं जात नाही, पण त्याला हेल्मेट, गणवेश, बस, विमा सगळं लागतं. हे खरं आहे, पण सोडवण्यासारखंही आहे. उपक्रमाची फी बाकीच्यांइतकीच घ्यावी, किंवा राज्याने अशा मुलामागे थोडी रक्कम शाळेला द्यावी. संघाचा कोच आणि मैदान दोन्ही आधीच असतात. एका मुलाने वाढणारा खर्च थोडा असतो.

मग जागेचा प्रश्न. बास्केटबॉलच्या संघात जागा मोजक्याच. पूर्ण दिवस शाळेत बसणाऱ्या, सकाळी बस पकडून येणाऱ्या मुलाची जागा तीन वाजता येणाऱ्याने घेतली तर? आईबाप म्हणून हे गिळणं अवघड आहे, मी समजू शकतो. मात्र निवड चाचणी मुळातच कौशल्यावर होते. दुसऱ्या गावातून बदली होऊन आलेला मुलगाही कुणाची तरी जागा घेतोच, आणि त्याला कुणी अडवत नाही. शिवाय क्रॉस कंट्री, ट्रॅक यांसारख्या खेळांत आणि मार्चिंग बँडमध्ये बहुतेक शाळा येईल त्याला घेतात. तिथे कुणाची जागा जायचा प्रश्नच नाही. लहान ग्रामीण शाळांत तर संघ भरायलाच मुलं कमी पडतात.

बँडची गोष्ट जरा थांबून पाहण्यासारखी आहे, कारण तिथे एक अडचण आहे जी बाहेरून दिसत नाही. फुटबॉल शाळेनंतर होतो, म्हणून तो अवांतर उपक्रम. पण अमेरिकन हायस्कुलात बँड, ऑर्केस्ट्रा, गायनवृंद हे बऱ्याचदा दिवसाच्या वेळापत्रकातले तास असतात, त्याचे गुण मिळतात, आणि शुक्रवारच्या सामन्यात वाजवणारा बँड म्हणजे याच तासातली मुलं. म्हणजे तो धड विषय नाही आणि धड अवांतरही नाही. पेनसिल्व्हेनियात २००६पासून घरी शिकणाऱ्यांना अवांतर उपक्रमांत घेणं सरकारी शाळांना बंधनकारक झालं. मुलगा फुटबॉल खेळू लागला, पण त्याच्या बहिणीला बँडमध्ये क्लॅरिनेट वाजवायचा असेल तर शाळा म्हणू शकत होती, बँड हा वर्ग आहे, अवांतर नाही. २०२२मध्ये कायदा पुन्हा दुरुस्त झाला तेव्हा अशा सहशालेय उपक्रमांचा, व्यवसायशिक्षणाचा आणि शाळेच्या दिवसाच्या एक चतुर्थांश वेळेपर्यंत विषय घेण्याचा मार्ग मोकळा झाला. मधली सोळा वर्षं संगीताकडे ओढा असलेल्या मुलांनी वाट पाहिली. कायदा करणाऱ्यांच्या डोळ्यांसमोर क्वार्टरबॅक होता, क्लॅरिनेटवाली मुलगी नव्हती.

टेक्ससने वेगळी वाट घेतली. २०२१च्या कायद्याने शाळा मंडळांना परवानगी दिली: हवं तर घरी शिकणाऱ्यांना यूआयएलच्या स्पर्धांत घ्या. अट अशी की मुलाने देशपातळीवरच्या प्रमाणित चाचणीत आपल्या इयत्तेइतकी तयारी दाखवावी. पण ‘हवं तर’ म्हटलं की बहुतेक मंडळं काहीच करत नाहीत. ठराव मांडायचा कुणी, वाद अंगावर घ्यायचा कुणी? २०२५मध्ये विधिमंडळाने तोच नियम उलटा केला: आता मंडळाने ठराव करून नकार दिला नाही, तर दार उघडंच. कागदावर बदल लहान दिसतो, पण आधी पालकाला मंडळापुढे जाऊन विनवावं लागे, आता नकार द्यायचा असेल तर मंडळाला जाहीर सभेत हात वर करावा लागतो.

हे सगळं वाचून वाटेल की घरी शिकवणारे सगळे या कायद्यांच्या बाजूने असतील. तसं नाही. त्यांच्यातला एक जुना, लढवय्या गट याला साफ विरोध करतो. १९८०च्या दशकात मुलांना घरी शिकवलं म्हणून त्यांनी खटले सोसले, आणि सरकारने आपल्या घरात डोकावू नये हे मिळवलं. आज खेळासाठी चाचणी द्या, प्रगती दाखवा म्हटलं, तर उद्या सगळ्यांनाच द्यावी लागेल, अशी त्यांना धास्ती वाटते. ही भीती मी पोकळ मानत नाही. पण चाचणी फक्त संघात येऊ पाहणाऱ्याला द्यावी लागते, न येणाऱ्याला नाही, आणि ही रेघ कायद्याच्या मजकुरातच पक्की आखता येते. ज्यांना नको त्यांनी स्वतःचे संघ उभे केलेच आहेत: घरी शिकणाऱ्या मुलांच्या बास्केटबॉलच्या राष्ट्रीय स्पर्धा होतात, पाचपंचवीस कुटुंबं मिळून वाद्यवृंद चालवतात.

तिकडे राहणाऱ्या आणि मुलांना घरी शिकवायचा विचार करणाऱ्या मराठी घरांना एवढंच सांगेन की क्रम चुकवू नका. आधी राज्याचा गृहशिक्षणाचा कायदा पाळा, कारण तो पाळल्याशिवाय पुढचं काहीच नाही. पेनसिल्व्हेनियात दरवर्षी १ ऑगस्टपर्यंत प्रतिज्ञापत्र, वर्षात १८० दिवस शिकवल्याची नोंद, शेवटी मूल्यमापन. मग शाळेच्या अ‍ॅथलेटिक डायरेक्टरला हंगामाच्या पुष्कळ आधी भेटा. निवड चाचणीच्या आठवड्यात जाऊन उपयोग नाही, कारण वैद्यकीय तपासणीचा फॉर्म, राहत्या पत्त्याचा पुरावा, लसीकरण, विमा हे सगळं आधी लागतं. अभ्यास नीट चालला आहे हे अधूनमधून कळवावं लागतं, त्याची वही ठेवा. वर्षाच्या मध्ये शाळेतून काढून घरी आणणार असाल तर त्या वर्षीचा खेळ जाऊ शकतो, हे मुलाला आधी सांगा. कॉलेजात खेळायचं असेल तर एनसीएए, म्हणजे कॉलेजांच्या खेळांची राष्ट्रीय संघटना, घरी शिकलेल्यांनाही घेते, पण १६ मुख्य विषयांचा तपशील पालकांनी भरून द्यावा लागतो: कोणतं पुस्तक, काय शिकवलं, गुण कसे दिले. नववीपासून लिहून ठेवलं तर सोपं, बारावीत आठवायला बसलात तर हाल. कोच बऱ्याचदा मदतीला तयार असतात. त्यांना चांगला खेळाडू हवाच असतो.

आता आपल्याकडे. भारतात घरी शिकणाऱ्यांसाठी वेगळा कायदा नाही. दहावी-बारावी द्यायची तर एनआयओएस ही राष्ट्रीय मुक्त शाळा आहे, महाराष्ट्रात बाहेरून परीक्षेला बसण्यासाठी राज्य मंडळाचा १७ नंबरचा फॉर्म आहे. परीक्षेचं दार उघडं आहे, पण मैदानाचं तसं नाही. क्रीडा व युवक सेवा संचालनालयाच्या शालेय स्पर्धा १४, १७ आणि १९ वर्षांखालील गटांत तालुक्यापासून राज्यापर्यंत होतात, आणि प्रवेशिका जाते ती शाळेमार्फत, मुख्याध्यापकांच्या सहीशिक्क्यानिशी. पुढे राष्ट्रीय शालेय स्पर्धा, दहावी-बारावीला खेळाचे वाढीव गुण, हा सगळा जिना त्या सहीपासून सुरू होतो.

सहीची अट नसली की काय होतं, हे मुंबईच्या मालविका जोशीने दाखवलं. सातवीनंतर तिने शाळा सोडली, घरी शिकली. प्रोग्रॅमिंग ऑलिंपियाडची स्पर्धा शाळेत नाव आहे का यावर अडली नाही. तिने आंतरराष्ट्रीय स्पर्धेत तीन पदकं मिळवली, दोन रौप्य आणि एक कांस्य. बारावी नसल्यामुळे आयआयटीचा रस्ता बंद होता, आणि २०१६मध्ये तिला एमआयटीने घेतलं. कबड्डी, खो-खो किंवा लांब उडीतल्या मालविकेला आज हीच वाट तालुक्याच्या पहिल्या पायरीवर सापडणं कठीण आहे.

१७ नंबरचा फॉर्म भरणाऱ्या मुलाला संपर्क केंद्र म्हणून एक शाळा मिळते, तर त्या शाळेने प्रवेशिकेवर सही करावी, असा एक उपाय सुचतो. पण तोपर्यंत मूल पंधरा-सोळाचं झालेलं असतं आणि चौदाखालच्या गटाचं वय निघून गेलेलं असतं. त्यापेक्षा फ्लोरिडाची पद्धत आपल्याला जास्त मानवेल: मूल जिथे राहतं तिथल्या जवळच्या जिल्हा परिषदेच्या किंवा महापालिकेच्या शाळेकडे हंगामाआधी नाव नोंदवायचं, वयाचा आणि पत्त्याचा दाखला द्यायचा, अभ्यास चालू असल्याचं वर्षातून एकदा त्याच शाळेच्या शिक्षकांकडून तपासून घ्यायचं, आणि तिच्याच संघातून खेळायचं. याचा शाळेलाही फायदा आहे. पट उतरलेल्या कित्येक शाळांना कबड्डीचे सात खेळाडू आणि पाच राखीव जमवताना नाकीनऊ येतात. अशा शाळेला गावातलंच एक चपळ पोर मिळालं, तर क्रीडाशिक्षक ते आनंदाने घेतील. त्यासाठी क्रीडा विभागाचं एक परिपत्रक निघालं तरी सुरुवात होईल.